डिंग-डुं

कंप्युटरला काही जोडलं की तो दोन सुरांत बोलतो, खालून वर. डुं-डिंग. काढलं की वरून खाली. डिंग-डुं. गेले तीन आठवडे आमच्या घरात हा दुसरा आवाज इतक्या वेळा वाजलाय की आतल्या खोलीत झोपलेली लेक कूस बदलता बदलता म्हणते, "बाबा, गेली."

गेली म्हणजे हार्ड डिस्क. एक्स्टर्नल. आणि मी काढलेली नसते हो, मी तर तिच्याकडे बघतही नसतो, ती आपली आपणच जाते.

माझ्याकडे अशा दोन आहेत. धाकटी तळहाताएवढी, अडीच इंची, हिला वेगळा अडॅप्टर नाही, जी काय वीज लागते ती यूएसबीच्या वायरीतूनच ओढते. थोरली साडेतीन इंची, जाडजूड, हिला यूएसबीचं पुरत नाही म्हणून स्वतःचा बारा व्होल्टचा अडॅप्टर लागतो. दोघींचा स्वभाव वेगळा, पण जाण्याच्या बाबतीत एकमत.

सुरुवात झाली ती फोटो कॉपी करताना. ३१२ जीबी फोटो धाकटीवर टाकायला घेतले, कंप्युटर म्हणाला दोन तास, मग म्हणाला पंचेचाळीस मिनिटं, मग परत तीन तास (याचं गणित कोण करतं देव जाणे), आणि ४१ टक्क्यांवर डिंग-डुं. लगेच डुं-डिंग. म्हणजे गेली आणि आली, पण गेली तेव्हा कंप्युटरने दिलेलं तिचं अक्षर ई होतं आणि आली ती एफ होऊन. कॉपी करणारी खिडकी बिचारी अजून ई च्या नावाने हाका मारतेय, आणि एफ शेजारीच बसलीय, जसं काही आपला काही संबंधच नाही.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा कंप्युटरने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? माझ्या पोटात गोळा. दहा वर्षांचे फोटो आणि हा विचारतोय पुसून टाकू का, तेही इतक्या सहज. असं विचारलं तर हो म्हणायचं नाही, गपचूप कॅन्सल करायचं आणि वायर काढून परत लावून बघायची, माझी तरी तशी परत आली. तशी येईलच असं नाही, म्हणून फोटो अजून कुठेतरी असलेले बरे, एकाच डिस्कवर ठेवून त्याला बॅकअप म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. हे मला त्या दिवशी कळलं, त्याआधी मी चारचौघांना बॅकअपवर भाषणं द्यायचो.

आता गंमत बघा. मी जेव्हा रीतसर, सेफली रिमूव्ह वर क्लिक करून परवानगी मागतो, तेव्हा उत्तर काय, तर डिव्हाइस वापरात आहे, नंतर प्रयत्न करा. कोण वापरतंय? सगळ्या खिडक्या बंद, मी एकटाच बसलोय. आणि तीच डिस्क पाच मिनिटांनी कोणालाही न विचारता निघून जाते.

मग मी शोधाशोध सुरू केली. पहिला संशय सॉफ्टवेअरवर, कारण तो बसल्या जागी घेता येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये गेलो, तिथे यूएसबी रूट हब नावाचे (कंप्युटरच्या आत बसून यूएसबी पोर्ट सांभाळणारे) चार सापडले, प्रत्येकाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये एक टिक, वीज वाचवायला कंप्युटरने हे बंद केलं तरी चालेल अशा अर्थाची. चारही टिका काढल्या. मग पॉवर ऑप्शन्समध्ये आतल्या आत आतल्या आत जाऊन सिलेक्टिव्ह सस्पेंड (रिकाम्या बसलेल्या यूएसबी वस्तूला झोपवायची सोय) बंद केलं. कॉलर ताठ करून मागे रेललो. डिंग-डुं.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. हे म्हणजे कंप्युटरचं स्टेशन डायरी प्रकरण, सगळ्या बारीकसारीक तक्रारींची नोंद वेळेसकट. तिथे १५७ नंबरची नोंद, एकाखाली एक, एकाखाली एक, अर्थ असा की डिस्क सरप्राइज रिमूव्ह झाली. सरप्राइज कसलं डोंबलाचं? दिवसातून नऊ वेळा होतंय ते सरप्राइज?

मग डिस्कची तब्येत बघितली. डिस्क स्वतःबद्दल आकडे ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात, त्यात खराब झालेले सेक्टर किती, बदलून दिलेले किती असं सगळं असतं. माझ्या सगळ्या रकान्यांत शून्य. त्यात सीआरसी एरर म्हणूनही एक रकाना होता, म्हणजे डेटा वायरीतून जाताना बिघडला तर वाढणारा, तोही शून्य, म्हटलं चला, वायर पण निर्दोष सुटली. दोन दिवसांनी कळलं की तो रकाना डिस्कच्या डब्याच्या आतल्या जोडणीचा हिशोब ठेवतो, बाहेरच्या यूएसबी वायरीशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे मी आरोपीला भलत्याच माणसाच्या साक्षीवर सोडून दिलं होतं.

ती वायर बघायला हवी तुम्ही. डिस्ककडचं टोक चपटं, रुंद, मध्ये एक खाच, दोन पिना शेजारी शेजारी चिकटवल्यासारखं. नवीन असताना घट्ट बसतं, नंतर दात हलावा तसं हलायला लागतं. नुसता कागदाचा वारा लागला तरी डिस्कवरचा दिवा विझायचा. मी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि वरून रबरबँड लावला. बायकोने बघितलं आणि म्हणाली, "अरे, हिला प्लास्टर घातलंयस का?"

शेवटी वैतागून एका शनिवारी सगळंच बदललं. वायर नवी आणली, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टातून काढून मागच्या पोर्टात लावली, मधला हब (एका पोर्टाचे अनेक करणारा डबा) भिरकावला. आणि चालू! चार दिवस एकही डिंग-डुं नाही. कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मला चैन पडेना, तीन गोष्टी एकदम बदलल्या, त्यातली खरी चोर कोण? हे कळल्याशिवाय काय अर्थ आहे? म्हणून मी, स्वतःच्या हाताने, चांगली चाललेली डिस्क काढून परत बिघडवायला घेतली.

एका वेळी एकच बदल. हब परत मध्ये घातला, चालली, म्हणजे हब उगाच बदनाम. जुनी वायर मागच्या पोर्टात, वीस मिनिटांत गेली. नवी वायर पुढच्या पोर्टात, दोन तास चालली, मी निर्धास्त झालो आणि गेली. म्हणजे दोघं चोर होते आणि म्हणूनच मी एकाला पकडलं की दुसरा काम चालू ठेवायचा. मागचे पोर्ट मदरबोर्डवरच बसवलेले असतात, पुढचे मात्र आतून एका वायरीने ओढून आणलेले, आणि माझं कॅबिनेट उघडलं तर त्या वायरीची पिन अर्धवट बसलेली. दाबून बसवली. यूएसबी थ्री पोर्टाने ९०० मिलीअँपिअर द्यायला हवेत, धाकटी फिरायला सुरुवात करताना सगळ्यात जास्त मागते, आणि बारीक लांब वायरीत त्यातलं काही वाटेतच जिरतं. उपाशी पोटी उठलेलं माणूस चक्कर येऊन पडतं, तसं.

पण थोरलीचं काय? तिला तर स्वतःची वीज. तिला नवी वायर दिली, मागचा पोर्ट दिला, तरी रात्री काम करत बसलो की हमखास जायची, आणि मी उठून गेलो की तासन्‌तास राहायची. मला वाटायला लागलं ही माझ्यावर वैयक्तिक राग धरून आहे. आठवडाभर हे चाललं. मग एकदा बायको दारात उभी राहून बराच वेळ बघत होती, कंप्युटरकडे नाही, टेबलाखाली.

"तू पाय हलवतोस ना," ती म्हणाली, "तेव्हा जाते ती."

टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड. त्यात अडॅप्टरचा तो जड ठोकळा, स्वतःच्या वजनाने बाहेर झुकलेला. आणि कामात रंगलो की माझा उजवा पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखा चालतो, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलंय. मी चार रूट हब तपासले, इव्हेंट व्ह्यूअर वाचून काढला, आणि चोर माझ्याच पायात निघाला.

बोर्ड वर भिंतीला ठोकला. दोन्ही डिस्का मागच्या पोर्टात, शांत. घर शांत.

तर परवापासून माउस अडखळायला लागलाय. वायरलेस आहे, त्याचा एवढासा रिसीव्हर मागेच लावलेला, आता नेमका धाकटीच्या शेजारी. यूएसबी थ्री चालू असताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट करतं आणि असे माउस त्याच पट्ट्यात बोलतात, यावर इंटेलने २०१२ सालीच एक पेपर काढलेला. उपाय सोपा, रिसीव्हर डिस्कपासून लांब न्यायचा. लांब म्हणजे कुठे, तर पुढच्या पोर्टात. पिन दाबून बसवलीय आता, म्हटलं काय होतंय.

लावला. माउस लोण्यासारखा चालला. खुशीत पाय हलवायला लागलो, आता हलवायला काय हरकत, तो लागला कॅबिनेटला.

डिंग-डुं.

"बाबा, गेली," आतून आवाज आला.

"नाही गं," मी म्हणालो, स्क्रीनवर जागच्या जागी थिजलेल्या बाणाकडे बघत, "या वेळी गेला."