भुयार कुठे ना कुठे निघतंच

तर तुम्ही अद्भुत कादंबरी लिहायला घेतली आहे. नाशिकच्या गोदाघाटावर फिरताना सुचली म्हणता. छान. सहा राक्षस, एक शापित राजकन्या, ब्रह्मगिरीच्या पोटात झोपलेला नाग आणि कॉलेज रोडला राहणारा नायक. आता चौथ्या प्रकरणात नायक अडकलाय आणि त्याच्यासोबत तुम्हीही. घाबरू नका. भुयार काढा.

भुयारासारखं सोयीचं बांधकाम दुसरं नाही. महापालिकेची परवानगी लागत नाही, उपसलेली माती कुठे टाकली हेही कुणी विचारत नाही. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्याला, वाड्याला आणि जुन्या देवळाला एक भुयार असतंच, आणि सांगणाऱ्याला जिथे जायचं असतं तिथेच ते निघतं. तेव्हा नायकाला पंचवटीतल्या सीतागुंफेत वाकून शिरू द्या आणि थेट त्र्यंबकला बाहेर काढा. आत मशाली पेटलेल्या असू द्यात. त्या कुणी पेटवल्या, तेल कोण घालतं, असल्या चौकश्या करणारा वाचक आपला नव्हे.

तरी कुणी कुरकुरलाच, तर त्याच्या तोंडावर कोलरिज फेका. या इंग्रज कवीने १८१७ साली लिहून ठेवलंय की, काव्य वाचताना वाचक आपला अविश्वास आपखुशीने घटकाभर बाजूला ठेवतो. त्यातला ‘आपखुशीने’ तेवढा गाळा. आपखुशी म्हटली की वाचकाची मनधरणी आली, आणि तेवढा वेळ कुणाला आहे? त्यापेक्षा पहिल्या पानावर पाटीच लावा : ‘चपला व अक्कल बाहेर काढून ठेवावी. हरवल्यास लेखक जबाबदार नाही.’

चपलांवरून आठवलं. १९१७ च्या ‘लंकादहन’ चित्रपटात राम आणि सीता, दोन्ही कामं अण्णा साळुंके यांनी केली होती. तरीही पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक चपला काढून हात जोडत, असं सांगतात. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे, त्यामुळे हा दाखला देण्याचा पहिला हक्क आपलाच. यातून तुम्ही एवढंच शिकायचं की लोक काहीही खपवून घेतात. त्याच चित्रपटात मारुती खरोखर उडाल्यासारखा दिसावा म्हणून फाळक्यांनी केवढा खटाटोप केला, तो भाग ऑप्शनला टाका.

मारुतीचं तरी काय? जन्म इथला, अंजनेरीचा. समुद्र ओलांडायची ताकद लहानपणापासून अंगात होती, मग इतके दिवस गप्प का बसला? तर म्हणे, लहानपणी ऋषींच्या खोड्या काढल्या, त्यांनी शाप दिला की कुणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझं बळ आठवणार नाही. मग किनाऱ्यावर जांबवंताने आठवण करून द्यायची आणि याने उडी मारायची. केवढा हा द्राविडी प्राणायाम! तुमच्या नायकाला एकोणिसाव्या प्रकरणात उडवायचंय ना? उडवा. आधीची अठरा प्रकरणं तो शहर बसची वाट बघत का उभा होता, असं कुणी विचारलं तर एका ओळीत सांगा, ‘अजून त्याची वेळ आली नव्हती.’ या वाक्यावर टाळ्या पडतात, मी ऐकल्या आहेत.

जादूला माप मात्र ठेवू नका. ही खोड नाशिककरांची. गोदावरीला पूर आला की आम्ही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढं ऐकलं तरी कुणी काय आवरायचं ते ज्याचं त्याला कळतं. असलं माप वाचकाच्या हाती गेलं तर पंचाईत होते. संकट कमरेएवढं असताना तुम्हाला गळ्याएवढं रडता येत नाही.

शेवट जमत नसेल तर क्रेन मागवा. ग्रीक लोक नाटकाच्या शेवटी देवाला यारीने वरून खाली सोडत आणि तो सगळा गुंता सोडवून टाकत असे. ॲरिस्टॉटलला हे पटलं नव्हतं, पण त्याला कुठे तुमच्या कादंबरीचं परीक्षण लिहायचंय?

एवढ्या अधिकाराने बोलतोय, कारण हे सगळं मी करून बसलोय. हस्तलिखित पंचवटीतल्या मावशीला वाचायला दिलं होतं. भुयार तिने विनातक्रार घेतलं. नाग मराठी बोलतो, ठीक. रामकुंडावर राक्षस उतरला तेव्हा तर ‘आता गं बाई!’ म्हणून ती सावरून बसली. आणि सत्तेचाळिसाव्या पानावर पेन्सिलीची फुली. तिथे नायक संध्याकाळी सात वाजता द्वारका सर्कलवरून रिक्षाने निघतो आणि पाच मिनिटांत सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला पोहोचतो.

“हे काही मला पटलं नाही बाई.”

“अगं मावशी, पुढच्याच पानावर तो अदृश्य होतो!”

“होईना का. रिक्षा सर्कलला अडकणारच ना?”

ते पान मी पुन्हा लिहिलं. आता एक भुयार द्वारकेला सुरू होतं आणि सीबीएसला निघतं. मशाली पेटलेल्या आहेत. मावशीने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, “आत शिरायला रांग किती होती?”