कोपराखालचा एक तास

दिवाळीच्या पहाटे पाटावर बसवून आई कोमट तेल चोळायची, तो मसाज. डीप टिश्यू, म्हणजे स्नायूंच्या खोल थरापर्यंत दाब देणारा मसाज, हे प्रकरण वेगळं. इथे तेल बेताचंच लावतात, कारण हात सटकला तर खालच्या थरातला स्नायू सापडत नाही.

आत शिरताच फॉर्म देतात. तो नुसत्या टिका मारून उरकू नये. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पायात गुठळी झाली होती का, नुकतंच ऑपरेशन झालंय का, हे खरंखरं लिहावं. पायातली गुठळी दाबाने सुटून फुप्फुसात गेली, तर मग पाठीचं कोण विचारतो! आणि मिसळ हाणून तर जाऊच नये. पुढे पोटावर झोपायचंय.

माझी मान लॅपटॉपपुढे आखडलेली. थेरपिस्ट दादा अंगाने इतके किरकोळ, की मला त्यांचीच काळजी वाटली. ती अनाठायी होती. या कामाला मनगटाचा जोर लागतच नाही. टेबल खाली घेतात आणि अख्ख्या अंगाचा भार कोपरावर टाकतात. तोंडासाठी टेबलाला भोक असतं. त्यातून फरशी आणि दादांच्या चपला, एवढंच जग दिसतं. चपलेतली टाच उचलली गेली की ओळखावं, आलं!

"दहापैकी किती दुखतंय, सर?"

आपली माणसं इथेच मार खातात. पंगतीत चौथ्या जिलबीला नको म्हणताना जो आवाज फुटत नाही, तो इथेही फुटत नाही. पलीकडच्या पडद्याआड एक काका "चालेल, चालेल" म्हणत होते आणि मधूनच विठ्ठलाचा धावा करत होते. सहा-सातच्या वर गेलं की सरळ "हळू" म्हणावं. असह्य झालं की स्नायू आणखीच आवळून बसतो, आणि पदरात पडतात ते फक्त काळेनिळे डाग. श्वासही रोखू नये. हे सांगायला सोपं आहे.

नंतर "भरपूर पाणी प्या, टॉक्सिन बाहेर पडतात" असं सांगतात. पाणी खुशाल प्यावं. टॉक्सिनचं खातं यकृत आणि मूत्रपिंडं सांभाळतात. त्यांना कोपर लागत नाही. अंग मात्र एक-दोन दिवस ठणकतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी माळा आवरायचं कबूल करू नये.

उठलो तेव्हा मान खाली-वर अगदी सुरेख हलत होती. डावी-उजवीकडे वळायला अजून दोन दिवस जातील, असं दादा म्हणाले. नेमकं तेव्हाच काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "सर, दहा सेशनचं पॅकेज करून टाकू ना?"