फेलोशिप म्हणजे फुकटची सहल? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकी विद्यापीठांतल्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना परदेशी वार्तांकनासाठी मिळणाऱ्या फेलोशिप म्हणजे पैसेवाल्यांच्या मुलांची सहल, दोन आठवड्यांत परका मुलूख कळत नाही, त्यापेक्षा ते पैसे तिथल्या बातमीदाराला द्यावेत. शिवाय भाची तिकडे शिकतेय, तिनं अर्ज करावा का, हेही विचारलंत.

पैसेवाल्यांबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे, फक्त दुखणं वेगळ्या जागी आहे. निवड श्रीमंती बघून होत नाही. गोची होते ती पैसे हातात कधी पडतात इथे. वॉशिंग्टनचं पुलित्झर सेंटर घ्या. (पुलित्झर पारितोषिकं देणारी संस्था ती ही नव्हे, आपल्याकडच्या बातम्यांत हा घोळ कायम असतो.) 2006 साली सुरू झालेली ही संस्था भागीदार विद्यापीठांमधून विद्यार्थी फेलो निवडते. तिच्या पत्रकारांसाठीच्या अनुदानात साधारण अर्धी रक्कम निघण्याआधी आणि उरलेली काम प्रसिद्धीसाठी सुपूर्द केल्यावर, अशी रीत आहे. काही विद्यापीठांचे निधी तर आधी खर्च करा, मग पावत्या दाखवा, या पठडीतले असतात. खात्यात शिल्लक नसलेला विद्यार्थी तिथेच गळतो. म्हणून अर्ज करतानाच लेखी विचारावं: तिकीट आणि विमा यांची रक्कम आगाऊ मिळेल का? विभागाकडे तात्पुरती उचल मिळते का? विचारलं की बऱ्याचदा सोय होते. विचारायचं असतं हेच मुलांना ठाऊक नसतं.

आता सहलीचं. समजा 3,000 डॉलर मिळाले. विमान 1,200, विमा 120, व्हिसा 80, चौदा रात्रींचा मुक्काम 35 च्या हिशेबानं 490, दुभाषा सात दिवस 90 नं 630, स्थानिक प्रवास 250. झाले 2,770. उरलेल्या 230 मध्ये जेवण, सिमकार्ड आणि एखादी चुकलेली बस. यात सहल कुठे बसवायची ते तुम्हीच सांगा!

या हिशेबात एक खर्च मात्र जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी विसरतो, आणि कामाची वाट तिथेच लागते. दुभाष्याचे पैसे फक्त मुलाखतीच्या दिवसांचे धरले जातात. प्रत्यक्षात काय होतं? यवतमाळच्या एखाद्या गावात, अंगणात, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी पाच मिनिटं बोलते. बियाणं उधारीवर कुठून आणलं, पीककर्ज कधी थकलं, दीर जमिनीवरून काय म्हणतो, सगळं. दुभाषा वळून सांगतो, "कर्जामुळे झालं म्हणतेय." बातमीचा जीव होता तो दीर, आणि तो गाळला गेला. दुभाषा हा बहुतेक वेळा ज्या संस्थेनं गावाची ओळख करून दिली तिचाच कार्यकर्ता असतो. वर सरपंच बाजेवर बसलेले. बाई किती मोकळं बोलणार?

यावर इलाज आहेत, पण ते खर्चाच्या पत्रकात आधी दिसले पाहिजेत. प्रत्येक मुलाखत, दोन्ही भाषांतली, पूर्ण रेकॉर्ड करायची. तासाभराचं बोलणं शब्दशः उतरवून अनुवाद करायला चार-पाच तास सहज जातात, त्याचे वेगळे पैसे ठेवायचे. जी वाक्यं अवतरणात छापणार, ती गावाशी आणि संस्थेशी संबंध नसलेल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायची. आणि त्याच घरी दुसऱ्यांदा जायचं, या वेळी सरपंचांशिवाय.

दोन आठवडे कमी पडतात ते देश समजायला. एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर शोधायला ते पुरतात, जर फोनवरचं काम निघण्याआधी झालं असेल तर. "महाराष्ट्रातलं शेतीसंकट" हा विषय फेलोशिपचा नाहीच. "अमुक तालुक्यात पीकविम्याचे दावे कोणत्या कारणानं फेटाळले जातात" हा आहे. कागदपत्रं आधी मागवता येतात, कृषी अधिकाऱ्याची वेळ घेता येते, संपादकाशी बोलून ठेवता येतं. पुलित्झर सेंटरच्या पत्रकार-अनुदानासाठी प्रस्तावाचं वर्णन 250 शब्दांत मागतात, ते यासाठीच. विषय पसरट असला की तेवढ्या शब्दांत झाकता येत नाही. न्यूयॉर्कचं ओव्हरसीज प्रेस क्लब फाउंडेशन तर काही निवडक विद्यार्थ्यांना परदेशातल्या वृत्तसंस्थांच्या कार्यालयांतच कामाला पाठवतं. तिथे डोक्यावर अनुभवी संपादक असतो, म्हणून नवख्यानं आधी तिकडे बघावं असं मला वाटतं.

"तेच पैसे स्थानिकाला द्या" हे मान्यच, आणि ते होतंही. 2018 मध्ये सुरू झालेला रेनफॉरेस्ट जर्नालिझम फंड ॲमेझॉन, काँगो खोरं आणि आग्नेय आशिया इथल्या वर्षावनांवर लिहिणाऱ्या पत्रकारांना पैसे देतो, आणि तोही पुलित्झर सेंटरकडूनच चालतो. माझी तक्रार पुढची आहे. जो स्थानिक बातमीदार गाडी ठरवतो, माणसं शोधून देतो आणि दारं उघडतो, त्याचं नाव बातमीत शेवटी आभारात जातं. ते वर, लेखकाच्या नावाशेजारी हवं, आणि हे निघण्याआधी ठरलेलं हवं.

तुम्ही स्पर्श न केलेली एक गोष्ट म्हणजे परवानग्या. भारतात वार्तांकनाला येणाऱ्या परदेशी नागरिकाला पत्रकार व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसावर कॅमेरा घेऊन फिरणं अंगाशी येतं. तिकडे वाढलेल्या आपल्या मराठी मुलांची यात हमखास फसगत होते. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे, मग कशाला काय लागतंय, असं धरून चालतात. मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकालाही पत्रकारितेसाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. सॅटेलाइट फोन विनापरवाना आणला तर अटकेपर्यंत जातं, आणि ड्रोन घेऊन येण्याचा विचार सोडूनच द्यावा. श्रीनगरला जायचं असेल तर विद्यापीठाची जोखीम समितीच अडवण्याची शक्यता मोठी, कारण अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवास-सल्ल्यात जम्मू-काश्मीरचा बराचसा भाग चौथ्या, म्हणजे "जाऊच नका" या सर्वांत वरच्या पातळीवर असतो. सीरियात जेम्स फोली या अमेरिकी मुक्त पत्रकाराच्या हत्येनंतर, 2015 पासून मुक्त पत्रकारांच्या सुरक्षेची तत्त्वं मान्य झाली आहेत. विद्यार्थी असला तरी विमा आणि रोजच्या संपर्काची वेळ ठरल्याशिवाय त्याला पाठवू नये.

राहता राहिली भाची. पासपोर्ट भारतीय असेल तर भारतात वार्तांकन करायला तिला व्हिसा लागत नाही, मराठी येतं म्हणजे दुभाष्याचे पैसेही वाचतात. तिनं हे अर्जात ठळक लिहावं. अडचण परतीची आहे. पासपोर्टवरचा एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा संपला असेल तर मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत नव्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत सत्र सुरू होऊन जाऊ शकतं. आय-20 या विद्यापीठानं दिलेल्या कागदावरची, प्रवासासाठीची विद्यापीठाची सही बारा महिन्यांच्या आतली असावी लागते. आणि फेलोशिपच्या करारावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात तो करार दाखवून त्यांचं उत्तर ई-मेलवर घ्यावं. करारात लेखाचे हक्क कोणाकडे राहतात तेही तिनं वाचावं, म्हणजे मराठी आवृत्ती इथल्या एखाद्या दैनिकाला देता येईल.