नव्याण्णव टक्क्यांवरचा मुक्काम

व्हिडिओ एडिटिंगचे सॉफ्टवेअर नव्याण्णव टक्के रेंडर झाल्यावरच, म्हणजे जोडकामाची अंतिम फाइल तयार होत आल्यावरच का कोलमडते? भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावत असताना, तापलेला लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो, पंखा किंचाळू लागतो आणि तासाभराने पडद्यावर ‘अज्ञात त्रुटी’ एवढेच उमटते. अज्ञात कोणाला? मला तर ती आता घरच्या माणसासारखी ओळखीची झाली आहे!

भाचीच्या हळदीचे चित्रण मामांनी मोबाइलवर केलेले असते आणि मांडवातला उजेड कमी झाला की मोबाइल फ्रेमची गती, म्हणजे सेकंदाला किती चित्रे टिपायची ते, मनाला येईल तशी बदलतो. परिणामी सुरुवातीला जुळलेला आवाज पुढे इतका भरकटतो की, अहिराणी गाणे संपल्यानंतरही बायकांचे ओठ हलतच राहतात. उपाय म्हणे सोपा आहे: आधी सारे फुटेज स्थिर २५ किंवा ३० फ्रेममध्ये बदलून घ्यावे. म्हणजे रेंडरपूर्वी आणखी एक रेंडर! एच.२६५ ची, म्हणजे फार दाबून लहान केलेली फाइल टाइमलाइनवर (एडिटिंगच्या पट्टीवर) अडखळते? मग प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती हलकी प्रत बनवा, म्हणजे तिसरे रेंडर. मध्येच वीज गेली, तर पुन्हा श्रीगणेशा.

एवढ्यातून फाइल जन्मलीच, तर फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह निम्म्याहून अधिक रिकामा असूनही ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही आणि घेतली, तर टीव्हीवर चित्र दिसते, आवाज मात्र नाही. त्यावर मामा विचारतात, “भाऊ, एवढंसं काम, अजून झालं नाही का?” आणि लगेच खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांचे (प्रसादाचे) अर्धे उभे, अर्धे आडवे चित्रण पाठवून देतात.