कमानी चिकटवल्या की इमारत गिरगावची होते?

गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या आठवड्यात एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, “वाच. आपल्या बिल्डरचं चित्र अगदी असंच आहे. मी सही करून टाकते.” असले मेसेज रोज येतात आणि मी सोडून देतो. हा सोडता येत नाही, कारण त्याच्या भरवशावर एक अख्खी चाळ पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सह्या करायला निघाली आहे.

मेसेजचं शीर्षक ‘वारशाचा मान राखणारी नवी इमारत कशी ओळखावी’. आत पाच कसोट्या. नवी इमारत जुन्यासारखी दिसली पाहिजे, म्हणजे कमानी, घुमट, कोरीव कठडे हवेतच. काच आणि उघडं काँक्रीट म्हणजे परंपरेचा अपमान. दर्शनी भिंत राखली की वारसा राखला. गेटवे ऑफ इंडिया ही जुन्या शैलीची नक्कलच आहे, मग आज नक्कल का नको? आणि शेवटी, वारसा यादीत नाव गेलं की भिंतीत खिळाही ठोकता येत नाही, तेव्हा यादीपासून लांब राहा.

पहिल्या कसोटीवरच मला जास्त बोलायचं आहे, कारण सगळं नुकसान तिथून सुरू होतं. ओव्हल मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ मध्ये पूर्ण झालेले. दगड, टोकदार कमानी, शिखरं, म्हणजे गॉथिक शैली. आता पाठ फिरवा. पश्चिमेला १९३० आणि ४० च्या दशकांत उभी राहिलेली आर्ट डेको घरांची रांग. काँक्रीट, गोलसर कोपरे, बाल्कन्या. समोरच्या गॉथिकची एक रेघसुद्धा त्यांनी उचललेली नाही. तरी ती रांग मैदानाला शोभते, कारण इमारतींची उंची एकमेकींच्या जवळपास आहे, रस्त्याकडची बाजू एका ओळीत आहे आणि बाल्कन्यांची तोंडं मैदानाकडे आहेत. खिडक्यांवर पुढे आलेले ते बारीक छज्जे जरा निरखून बघा. ऊन अडतं, आणि पावसाचं पाणी खिडकीपासून लांब पडतं. मुंबईच्या हवेचा विचार त्या वीतभर काँक्रीटमध्ये आहे.

२०१८ मध्ये युनेस्कोने इथल्या ९४ इमारती जागतिक वारसा म्हणून स्वीकारल्या, त्या गॉथिक आणि डेको असा दोन्हींचा मिळून एक समूह म्हणून. मेसेजची कसोटी १९३५ साली लावली असती, तर पश्चिमेची सगळी रांग नापास झाली असती.

हे माझं एकट्याचं मत वाटत असेल तर १९६४ ची व्हेनिस सनद उघडा. जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणारे जगभर आजही तिचाच आधार घेतात. तिचं बारावं कलम म्हणतं की वास्तूचा हरवलेला भाग नव्याने बसवताना तो एकूण रचनेशी जुळला पाहिजे, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही आला पाहिजे, नाहीतर इतिहासाचा पुरावाच खोटा होतो. तेरावं कलम वाढीव बांधकामाबद्दल आहे. वास्तूचा तोल आणि तिचं परिसराशी असलेलं नातं बिघडणार असेल तर वाढीव बांधकाम करू नये, असं त्यात आहे. ही सनद स्मारकांसाठी आहे, चाळींसाठी नव्हे, हे कबूल. पण ज्या वारशाच्या नावाने मेसेज बोलतो, त्या वारशाच्या जाणकारांनी नक्कल मागितलेली नाही, परिसराशी नातं मागितलं आहे.

आता मावशीच्या बिल्डरचं चित्र. मी ते मोबाइलवर मोठं करून बघितलं. वरच्या मजल्यांवर कमानी आहेत, पण त्या कशाचाही भार घेत नाहीत, साच्यात ओतून नंतर भिंतीवर बसवायच्या आहेत. कमानीच्या मागे सरळसोट बंद खिडकी. नजर खाली आणली की खरा प्रकार कळतो. रस्त्यापासून वर सात मजले गाड्यांचे. त्यांना जाळीच्या आडव्या पट्ट्या, आणि फुटपाथलगत कोरी भिंत. आज त्याच जागी खाली पिठाची गिरणी आहे, इस्त्रीवाला आहे, संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात तो ओटा आहे. वर लाकडी कठड्याची गॅलरी. अनंत चतुर्दशीला गणपती निघतात तेव्हा चाळ त्या गॅलरीत उभी असते आणि खालचा माणूस वरच्याला हाक मारतो. आठव्या मजल्यावरून कोण कुणाला हाक मारणार? या चित्रात गिरगाव कुठेच नाही, आणि मेसेजच्या कसोटीवर मात्र त्याला पैकीच्या पैकी मार्क!

कमान एकही नसताना जुन्या घराचं शहाणपण कसं उचलता येतं, याचा दाखला कंबाला हिलवर आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही राहत्या घरांची इमारत, १९८३, अठ्ठावीस मजले. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंचीच्या, झाडं लावता येतील अशा गच्चीच्या रूपात कोपऱ्यांवर नेला. तिच्या उंचीबद्दल वाद घाला, मी ऐकून घेईन. पण घर आणि हवा यांचं नातं तिथे आहे.

बाकीचे मुद्दे भराभर घेतो. काचेबद्दलचा राग, नाइलाजाने का होईना, मला अर्धा पटतो. चारही बाजूंनी बंद काच लावून आत दिवसभर एसी चालवायचा, हे या हवेत चूकच आहे. पण ती चूक काचेच्या नवेपणाची नाही, ऊन-पावसाचा विचार न करण्याची आहे. दर्शनी भिंतीचं म्हणाल, तर भिंत राखून मागे वीस मजले चढवले की ती भिंत फक्त पडदा उरते.

गेटवेचा दाखला तर उलटाच पडतो. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनी १९२४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या वास्तूत सोळाव्या शतकातल्या गुजराती शैलीचा आधार घेतला, हे खरं. पण ते समारंभाचं प्रवेशद्वार आहे. त्यात कुणी राहत नाही, आणि भर घातलेल्या जमिनीवर ते सुटं उभं आहे, घरांच्या रांगेत नाही.

खिळ्याची गोष्ट साफ खोटी. मुंबईची वारसा नियमावली १९९५ पासून आहे आणि तिच्यात तीन श्रेण्या आहेत. पहिल्या श्रेणीत बदलांना जवळजवळ मनाई, दुसऱ्या श्रेणीत आतले बदल करता येतात, तिसऱ्या श्रेणीत परवानगी घेऊन आतले-बाहेरचे दोन्ही.

रविवारी भाडेकरूंची सभा आहे. मी मावशीला सांगितलं आहे की कमानींचं चित्र बाजूला ठेव आणि तळमजल्याचा नकाशा माग. गिरणी कुठे जाणार, ओटा कुठे, फुटपाथला लागून काय येणार, पहिलं राहतं घर कितव्या मजल्यावर, गॅलरी किती फूट रुंद, एवढं लेखी घे. तोवर सही नको. ती म्हणाली, गिरणीवाल्यालाही सभेला घेऊन येते.