कड धरणारा शहाणा की मधून जाणारा? लेनवरून पेटलेला वाद

वादाला तोंड फोडलं नंदूनं. "बाइकवाल्यानं डावी कड धरायची आणि गुमान जायचं. मोठ्या गाड्यांच्या वाटेत यायचंच कशाला?"

शिरीषला असलं काही ऐकवत नाही. "कडेनं जाऊन काय मिळतं? फटीतून निघायचं, पुढे सुटायचं. मागे गाड्याच नाहीत म्हटल्यावर धडकणार कोण?"

अनघा बाइकही चालवते आणि कारही, म्हणून या विषयावर तिचं ऐकावं असं माझं आधीपासूनचं मत. ती म्हणाली, "एक कडेला जाऊन बसतो, दुसरा दोन गाड्यांच्या मध्ये घुसतो. मधे अख्खी लेन पडलीय, ती कुणालाच नको." बापूकाका गप्प होते. अर्धं आयुष्य ट्रकच्या केबिनमध्ये गेलेला माणूस. बाइकवाल्यांच्या भांडणात लगेच पडत नाही.

अनघानं विटेचा तुकडा उचलला आणि फरशीवर दोन लांब रेघा ओढल्या. मध्ये दोन तुटक रेघा. "ही एक लेन. साडेतीन मीटरच्या आसपास रुंद. बाइकचं हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटरभरही नसतं. म्हणजे एकाच लेनमध्ये तुला चालायला तीन पट्टे आहेत, डावा, मधला, उजवा. कारवाल्याला ही चैन नाही, त्याची गाडी लेनभर पसरलेली असते. तू तीन जागांपैकी एकच धरून बसणार असशील तर उरलेल्या दोन फुकट घालवतोस."

(वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा: हे सगळं डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचं आहे. जिथे गाड्या उजवीकडून चालतात तिथे डावं-उजवं उलटं करून घ्या.)

"मग त्यातला डावाच सगळ्यात बरा," नंदू हटला नाही.

अनघानं माझं हेल्मेट उचलून डाव्या रेघेला टेकवून ठेवलं. "ही उभी असलेली कार. आत माणूस बसलाय का, तुला माहीत नाही. त्यानं मागे न बघता दार उघडलं की ते सरळ तुझ्या पट्ट्यात येतं. पुढे गल्लीचं तोंड, तिथून कुणीतरी नाक बाहेर काढणार. फूटपाथवरून कुणीतरी खाली पाय टाकणार. शिवाय खडी, वाळू, काचा, सगळा कचरा गाड्यांच्या चाकांनी कडेलाच ढकललेला असतो. आणि हे सगळं एक वेळ सोडून दे. मागून येणाऱ्या कारवाल्याला तू काय सांगतोयस ते बघ. तू कडेला गेलास की त्याला वाटतं, याच लेनमधून आपली गाडी बसते. तो लेन बदलत नाही, तुला घासून पुढे जातो. त्याच क्षणी समोर खड्डा आला तर तू जाणार कुठे? डावीकडे फूटपाथचा दगड, उजवीकडे त्याचा आरसा."

यावर नंदूकडे उत्तर नव्हतं, पण त्यानं दुसरी बाजू काढली. "आणि लेनच्या मधून चाललो की मागचा हॉर्न वाजवून जीव खातो, त्याचं काय?"

"वाजवू दे. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्यानं तुला पाहिलंय."

हे मला भलतंच पटलं. हॉर्नला आपण अपमान समजतो आणि लगेच बाजूला सरकतो. वास्तविक ज्यानं पाहिलेलं नाही, तो हॉर्न वाजवत नाही. अर्थात मागचा खरंच सुसाट येत असेल तर त्याच्याशी हट्टाला पेटण्यात काही अर्थ नाही. जागा बघून, आपल्या सोयीनं बाजूला व्हावं, त्याला जाऊ द्यावं आणि परत लेनमध्ये यावं. बाजूला होणं वेगळं, कायमचं कडेला राहणं वेगळं.

"म्हणजे मधला पट्टा," शिरीष म्हणाला. त्याला वाद लवकर संपवायचा होता.

"मधला पण नेहमी नाही," अनघा म्हणाली. "गाड्यांचं ऑइल ठिबकतं ते दोन चाकांच्या मध्ये. जिथे गाड्या थांबतात तिथे, सिग्नलपाशी, टोलनाक्यावर, मधल्या पट्ट्यात काळपट डाग असतो बघ. पहिल्या पावसात ते वर येतं आणि तिथे ब्रेक मारलास की गेलास. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी कापलेलं असतं, त्या पट्ट्यातून जायचं. आणि खड्डे! कार खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेऊन निघून जाते. तिच्या मागे तू मधोमध असलास तर तो खड्डा तुझ्यासमोर एकदम जमिनीतून उगवतो. तिच्या चाकाच्या रेषेत राहिलास तर जिथून तिचं चाक गेलं तिथून तुझंही जाईल."

"अंतर सोडलं तर मधोमधही दिसेल की."

"ते तर सोडायचंच. साठच्या वेगाला सेकंदाला सतरा मीटर जातोस. निदान दोन सेकंद धर, तेहतीस मीटर झाले. एवढं अंतर सोडतोस?"

शिरीषनं विषय बदलला. म्हणजे सोडत नाही.

मग ज्यावरून खरी खडाजंगी झाली तो मुद्दा आला: चौक. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण मला वाटतं बाकी सगळं नंतरचं आहे.

अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाच्या पथकानं लॉस एंजेलिस भागात मोटरसायकलचे नऊशे अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. अहवाल 1981 चा. अनघानं त्यातलं सांगितलं ते असं: जवळपास तीन चतुर्थांश अपघातांत दुसरी गाडी होती, बहुतेक वेळा कार. अशा अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत चूक त्या दुसऱ्या गाडीच्या चालकाची, त्यानं बाइकची वाट कापलेली. आणि सगळ्यात जास्त वेळा घडलेला प्रकार म्हणजे समोरून येणारी कार बाइकच्या पुढ्यात वळली. तिकडे ती डावीकडे वळते, आपल्या हिशेबात उजवीकडे.

"म्हणजे मागून उडवतील म्हणून आपण कडेला जातो," मी म्हणालो, "आणि उडवतो तो समोरचा."

"शहरातल्या वाहतुकीत तरी मागच्यापेक्षा समोरच्याची आणि बाजूच्या गल्लीतून येणाऱ्याची भीती जास्त धर," ती म्हणाली. "आता त्याला तू का दिसत नाहीस? एक तर तू अरुंद. काचेच्या बाजूच्या खांबाआड अख्खी बाइक लपते. दुसरं म्हणजे तू सरळ त्याच्या दिशेनं येत असशील तर लांबून त्याच्या डोळ्यात तुझा आकार वाढताना जाणवतच नाही. बराच वेळ एक ठिपका, आणि अगदी जवळ आल्यावर भसकन मोठा. तोवर त्यानं स्टिअरिंग फिरवलेलं असतं."

"मग काय करायचं? हेडलाइट?"

"लाइट हवाच. पण जागा बदल. चौक यायच्या आधी पट्ट्यातल्या पट्ट्यात हळूच थोडा डावीकडून उजवीकडे सरक. ठिपका आडवा हलला की नजर त्याच्याकडे जाते. त्याहून मोठं म्हणजे तुझ्या पुढे एखादी मोठी गाडी असेल तर तू तिच्या सावलीत आहेस. समोरून वळणारा ती गाडी जाताना बघतो, म्हणतो, चला, मोकळं झालं, आणि वळतो. मागे तू होतास हे त्याला माहीतच नाही. म्हणून तिथे मागे राहायचं आणि उजव्या पट्ट्यात यायचं, म्हणजे तू त्याला दिसतोस आणि तो तुला दिसतो."

इथे नंदूनं योग्य ठिकाणी बोट ठेवलं, हे मान्य करायला हवं. "उजव्या पट्ट्यात गेलो म्हणजे वळणाऱ्याच्या जवळ गेलो. तो वळलाच तर आधी मीच सापडणार. डावीकडे असतो तर दोन मीटर तरी मिळाले असते."

अनघा म्हणाली, दिसणं आधी. नंदू म्हणाला, अंतर आधी. डाव्या गल्लीतून गाडी बाहेर येत असेल तर उजवा पट्टा दोन्हीसाठी बरा, तिथे वाद नाही. समोर वळणारा एकटाच असेल आणि तू त्याला स्पष्ट दिसत असशील, तर डावीकडे सरकून अंतर वाढवण्यात काही वाकडं नाही, हेही अनघानं कबूल केलं. पण गल्लीही आहे आणि वळणाराही आहे, तर? दोघं पाचेक मिनिटं त्याच रेघांवर किल्ल्या सरकवत बसले.

तेव्हा बापूकाका पहिल्यांदा बोलले. "अरे, दोन्हीकडून धोका असेल तर तो जागेनं सुटत नाही. थ्रॉटल सोड. बोटं ब्रेकवर ठेव. मधून जा आणि हळू जा. पट्टा कुठला ते नंतर भांडा."

मला हे उत्तर पुस्तकी सल्ल्यापेक्षा मोलाचं वाटलं. ब्रिटनमधल्या पोलिस रायडरांना जी पद्धत शिकवतात तिच्यात जागा वेगाच्या आधी येते, पण थ्रॉटल तिथेही सगळ्यात शेवटी: आधी माहिती, मग जागा, मग वेग, मग गिअर, शेवटी थ्रॉटल. आपण बहुतेक जण शेवटाकडून सुरुवात करतो.

बापूकाका बोलायला लागलेच होते, तर अनघानं त्यांना ट्रकबद्दल विचारलं. त्यांनी विटेचा तुकडा घेतला आणि ट्रकचा चौकोन काढून त्याच्या भोवती रेघोट्या मारल्या. "ही सगळी जागा आंधळी. नाकाखाली काही मीटर, मागे तर काहीच नाही, आणि क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, सगळ्यात जास्त. तुम्ही पोरं नेमके तिथूनच घुसता. ट्रकला डावीकडे वळायचं असेल तर ड्रायव्हर आधी उजवीकडे घेतो, वळण बसायला पाहिजे ना. बाइकवाल्याला वाटतं, काकांनी वाट दिली. तो डावीकडून आत येतो. मग मी वळतो. माझी मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, आतून कापत येतात. ती जागा बंद होते. मला कळतसुद्धा नाही."

कुणी काही बोललं नाही. मग नंदूनं विचारलं, "दिसतोय की नाही, हे आम्ही ओळखायचं कसं?"

"माझ्या आरशात माझं तोंड शोधायचं. तोंड दिसलं नाही तर तू मला दिसत नाहीस. दिसलं तरी मी तुझ्याकडेच बघतोय असं धरू नकोस. ट्रकच्या बरोबरीनं चालायचंच नाही. मागे राहा, नाहीतर उजवीकडून झटकन पुढे निघून जा. आणि पुढे निघताना हँडल घट्ट धर असं नाही म्हणत, पण तयार राहा. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडलास की वारा एकदम आडवा येतो."

शिरीषचा फटीतून जाण्याचा मुद्दा बाकी होता आणि त्यानं तो सोडला नव्हता. त्यानं कॅलिफोर्नियाचा दाखला काढला. तिथे 2017 पासून दोन लेनमधल्या गाड्यांच्या फटीतून बाइक नेणं कायद्यात बसतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये 2014 पासून चालतं. "कायदा करणारे वेडे आहेत का?"

"नाहीत," अनघा म्हणाली, "पण न्यू साउथ वेल्समध्ये ताशी तीसची मर्यादा आहे, ते तू गाळलंस. आणि कॅलिफोर्नियातल्या अपघातांचा बर्कली विद्यापीठानं अभ्यास केला, 2015 मध्ये. त्यात हे तुलनेनं सुरक्षित ठरलं ते कधी? गाड्या ताशी ऐंशीच्या आत चालत असतील आणि बाइकचा वेग त्यांच्यापेक्षा साधारण पंचवीसच्या आतच जास्त असेल तेव्हा. तू उभ्या गाड्यांतून पन्नासनं जातोस."

"चाळीस."

"तरी जास्तच."

शिरीषची एक गोष्ट मात्र खरी होती आणि ती कुणी खोडू शकलं नाही. गाड्या ठप्प उभ्या असताना दोन बंपरच्या मध्ये चेपलं जाण्याची भीती फटीतल्या बाइकला नसते. माझं म्हणणं एवढंच, की फटीत जायचंच असेल तर नजर शेजारच्या लेनमधल्या मोकळ्या जागेवर हवी. एका लेनमध्ये गॅप पडला की बाजूचा कारवाला तिकडे उडी मारणार, आणि मध्ये तू. त्याची पुढची चाकं वळलेली आहेत का, मान फिरली का, हे इंडिकेटरच्या आधी कळतं. थांबलेल्या गाड्यांमधून चालत बाहेर येणारी माणसंही तिथेच असतात, आणि ती बघतात कारच्या दिशेला.

घाटातल्या वळणांवर वाद झालाच नाही, सगळ्यांना माहीत असलेलं नंदूनं फक्त बोलून दाखवलं. उजवं वळण असेल तर डावीकडून घ्यावं म्हणजे वळणापलीकडचं लवकर दिसतं, पण खडीपर्यंत जाऊ नये. त्याच उजव्या वळणावर चाकं आपल्या लेनमध्ये असली तरी कललेल्या अंगानं डोकं मधल्या रेघेच्या पलीकडे जातं, आणि समोरून बस येत असते. ग्रुपमध्ये जाताना एक डावीकडे, एक उजवीकडे असं तिरकं चालायचं, वळणांवर मात्र एका रांगेत यायचं.

"बरं, सिग्नलला कुठे थांबू?" नंदूनं विचारलं. कड त्यानं बहुधा सोडली होती, निदान तोंडानं.

"पुढच्या गाडीच्या मधोमध मागे नाही," अनघा म्हणाली. "एका बाजूला, आणि तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर सोडून. पहिला गिअर, क्लच दाबलेला, नजर आरशात. मागे एखादी गाडी येऊन नीट थांबेपर्यंत न्यूट्रल करायचं नाही. मागचा थांबत नाहीये असं वाटलं तर बाजूच्या फटीत निघायला वाट हवी."

"बघा! शेवटी फटच!" शिरीष ओरडला. "त्यापेक्षा मी आधीच सगळ्यांच्या पुढे जाऊन थांबतो."

"ट्रकच्या नाकाखाली?" बापूकाकांनी विचारलं.

"मग कुठे?"

"तिथे तू मला दिसत नाहीस. हिरवा पडला की मी निघणार. पुढे थांबायचंच तर दोन-तीन बाइक मावतील एवढं पुढे थांब."

"तेवढं पुढे म्हणजे झेब्रावर येईन मी."

"मग मागे राहा."