धातूचा रंग आणि नवी भट्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच उत्तर लिहायला बसलो नाही, कारण तिच्यातला एक मुद्दा मला खरोखर लागला. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मोठा निर्णय घेण्याआधी मॅनेजरने निकष, अंदाज आणि शंका कागदावर उतरवाव्यात. त्यावर तुम्ही लिहिलंत की कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या फाउंड्रीत बावीस वर्षं काढल्यावर तुम्हाला हे पुस्तकी वाटतं. तुमचे वरिष्ठ वितळलेल्या धातूचा रंग बघून ओतायचं की थांबायचं ते सांगायचे आणि क्वचितच चुकायचे. एवढं सगळं लिहायला वेळ कुणाला आहे, असंही तुम्ही विचारलंत. आणि कागद येतात ते साहेबांनी आधीच ठरवलेल्या गोष्टीला टेकू द्यायलाच, असं शेवटी म्हटलंत.

तुमच्या वरिष्ठांच्या नजरेवर माझा पूर्ण विश्वास आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आयुष्यभर माणसाच्या अंदाजातल्या चुका शोधत राहिले, तर दुसरे मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या जवानांचे झटपट निर्णय जवळून अभ्यासले आणि त्या अंतःप्रेरणेचं मोल दाखवलं. २००९मध्ये या दोघांनी मिळून एक निबंध लिहिला. त्यांचं एकमत असं झालं की कामात नियमितपणा असेल आणि चूक-बरोबर लवकर कळत असेल, तिथे अनुभवी माणसाच्या मनाचा कौल भरवशाचा असतो. भट्टीपुढे हे दोन्ही आहे. धातू थंड पडला असेल तर साचा फोडल्यावर आतलं कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भागच ते सांगतो. असं हजारो वेळा झालं की नजर तयार होते.

पण कपोला, म्हणजे कोकवर चालणारी जुनी भट्टी काढून विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी बसवायची का, हा निर्णय तोच माणूस आयुष्यात किती वेळा घेतो? एकदा, फार तर दोनदा. त्याचा निकाल चार वर्षांनी दिसतो, आणि तोवर वीजदर, स्क्रॅपचे भाव, गिऱ्हाईक सगळंच बदललेलं असतं. इथे अनुभवाला शिकायला संधीच मिळत नाही. आवाजातला आत्मविश्वास मात्र दोन्हीकडे सारखाच असतो, आणि मला काळजी त्याची वाटते.

आता टेकूबद्दल. हा तुमचा आरोप खरा आहे, आणि मी स्वतः तसा टेकू दिला आहे. भोसरीत एका कारखान्यात असताना मशीन खरेदीसाठी तीन कोटेशन आली होती. साहेबांना प्रदर्शनात बघितलेलं एक मशीन आवडलं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कंपॅरेटिव्ह, म्हणजे तिन्हींच्या तुलनेचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. ती कंपनी विक्रीनंतरच्या सर्व्हिसमध्ये पुढे होती, म्हणून मी सर्व्हिसचे गुण दुप्पट ठेवले. तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. कोटेशन बघून मग निकष ठरवले, एवढंच मी केलं. पुढे ते मशीन आमच्या कामाला लहान पडलं, आणि ज्या ऑपरेटरने हे आधी बोलून दाखवलं होतं त्याच्या नजरेला नजर देणं मला जड गेलं. तेव्हापासून मी हट्ट धरतो की कोणत्या गोष्टीला किती गुण, हे कोटेशनची पाकिटं उघडायच्या आधी ठरवून त्यावर सह्या घ्यायच्या. क्रम बदलला की टेकू देणं अवघड होतं.

अनुभवाला कागदाची गरज का पडते, यासाठी उड्डाणानंतर लगेच फुटलेल्या अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २७ जानेवारी १९८६च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलचे इंजिनियर फोनवरच्या बैठकीत नासाला सांगत होते की एवढ्या थंडीत रॉकेटच्या सांध्यातून गरम वायू गळू नये म्हणून बसवलेली रबरी ओ-रिंग दगा देईल. त्यांचा अंदाज बरोबर होता. पण चर्चा झाली ती फक्त ज्या उड्डाणांत रिंग खराब झाली होती त्यांच्यावर. त्यातलं एक ५३ अंश फॅरनहाइटचं होतं, तर एक ७५चं, त्यामुळे थंडीचा संबंध दिसेना. रिंग शाबूत राहिलेली उड्डाणं कुणी शेजारी मांडलीच नाहीत. नंतर अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगाने ती मांडली. ६६ अंश किंवा जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी ३मध्ये बिघाड. ६३ किंवा कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत बिघाड. आणि २८ तारखेला सकाळी तापमान होतं सुमारे ३६, म्हणजे आपले २ अंश सेल्सिअस.

त्या रात्री कंपनीच्या वरिष्ठाने इंजिनियरिंगच्या प्रमुखाला सांगितलं, इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. नासाला उड्डाणासाठी होकार गेला. यानातली सातही माणसं गेली. तुम्ही म्हणाल, बघा, अनुभवी माणसांचं मन बरोबरच सांगत होतं. हो, अगदी बरोबर. पण हाताखालच्या माणसाचा अनुभव वरच्यासमोर टिकायला त्याच्या हातात काहीतरी असावं लागतं. तो एक तक्ता त्यांच्या हातात असता, तर नाही म्हणणं त्यांना सोपं गेलं असतं. मी कागद मागतो तो मुख्यतः अशा माणसांसाठी.

वेळेचं म्हणाल, तर संस्थांमधले निर्णय कसे होतात याचा अभ्यास करणारे हर्बर्ट सायमन यांनी १९४७मध्येच मांडलं होतं की मॅनेजरकडे पूर्ण माहिती, पूर्ण वेळ कधीच नसतो. तो पुरेसं बरं वाटेल ते निवडतो. याच कामासाठी त्यांना १९७८चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून मीही दहा पानी अहवाल मागत नाही. बैठकीआधी प्रत्येकाने आपला अंदाज आणि एक भीती चिठ्ठीवर लिहावी, सगळ्यात नव्या माणसाने आधी वाचावी, साहेबांनी शेवटी बोलावं, आणि चिठ्ठ्या तारीख घालून ठेवाव्यात. याला पंधरा मिनिटं लागतात.

एक विचारायचं आहे. तुमच्या त्या वरिष्ठांच्या काळात भट्टी बदलायचा असा निर्णय झाला होता का? झाला असेल तर तेव्हा शॉपवर कुणाला शंका होती, आणि ती कुणापर्यंत पोचली, हे लिहाल का?